खणामागे पडलेली लिपस्टिक

मित्रांनो, मी एक जुनी लिपस्टिक आहे. हसलात ना? हसा, हसा. आत्मवृत्त सांगायचा मान फक्त छत्रीला, फळ्याला आणि फाटक्या पुस्तकालाच असतो, असं तुम्हाला वाटत असेल. पण तोंडाशी माझा जितका संबंध आला आहे, तितका त्या छत्रीचा तरी आला आहे का? तेव्हा बोलायचा पहिला हक्क माझाच.

माझा रंग विटकरी. डबीवर 'सांजवेळची कुजबुज' असं काहीतरी भलतंच नाव छापलं होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं ते नाव. रंग विटेचा तो विटेचाच!

माझा जन्म कारखान्यातला. मेण, तेल आणि रंगाची भुकटी एका मोठ्या भांड्यात वितळवली, ढवळली आणि साच्यात ओतली. गार झाल्यावर आम्हा बहिणींना एकेका नळीत बसवलं. मग एका बाईंनी मला ज्योतीवरून झर्रकन फिरवलं. चटका बसला खरा, पण अंगाला अशी तकाकी आली, की शेजारची नळी माझ्यात बघून आपलं टोपण नीट करू लागली.

तिथून आम्ही दुकानात गेलो. काचेच्या कपाटात आमची रांग लागली. आमच्यातली एक बहीण मात्र नमुना म्हणून बाहेर उभी केली होती. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला मनगटावर फासून बघायची. ती बघता बघता झिजून नखाएवढी झाली. आम्ही आत बसून तिची कीव करायचो. किती खुळ्या होतो आम्ही! आमच्यात सगळ्यात नशीबवान तीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

एके दिवशी मला माझी मालकीण मिळाली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, काडी कानामागे टोचते का ते बघायचं, मग पुढे आरसा धरायचा, हे तिचं काम. दिवसभर आरसा हातात, पण त्यात तोंड दुसऱ्याचं! तरी ती रोज नीटनेटकी होऊन जाते. गिऱ्हाईक आरशात बघण्याआधी तिच्याकडे बघतं, असं तिचं म्हणणं. मला लावून ती पहिल्यांदा दुकानात गेली, तेव्हा डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज चेहरा किती टवटवीत दिसतोय गं!" मित्रांनो, मला टोपण उघडून नाचावंसं वाटलं.

तो माझा सुखाचा काळ. सकाळी आरसा, दुपारी डबा खाल्ल्यावर पुन्हा एकदा आरसा. मी अर्धी झिजले आणि मला त्याचा भारी अभिमान वाटत होता.

पण मालकिणीला एक खोड होती. आनंद झाला की ती एक लिपस्टिक आणायची. मूड गेला की दुसरी आणायची. आणि काहीच झालं नाही, तर कंटाळा आला म्हणून तिसरी. लिपस्टिकांबरोबर पावडरी आल्या, गालांची लाली आली, काजळाच्या पेन्सिली आल्या. चमचमणाऱ्या रंगांची एक डबी तर अशी आली, की तिच्यावरचा कागदसुद्धा कुणी काढला नाही. ती मात्र रोज आम्हाला सांगायची, "मला खास दिवसासाठी ठेवलंय." तो खास दिवस काही उजाडत नव्हता.

आम्ही सगळे कपाटाच्या वरच्या खणात राहत होतो. राहत कसले, कोंबलेले होतो. खण उघडायचा तर आधी हात घालून आतलं सामान दाबावं लागे. एका सकाळी मालकिणीला उशीर झाला होता. तिने खण धाडकन ढकलला, मी सर्वांच्या डोक्यावर होते, तिथून उडाले आणि खणाच्या मागच्या काठावरून पलीकडे कोसळले.

खणाच्या मागे काय असतं, ते तुम्हाला माहीत आहे का? काळोख, धूळ, एक हरवलेलं बटण आणि भिंत. मला वाटलं, संध्याकाळी मालकीण मला शोधेल. तिने शोधलंच नाही. माझ्यासारख्या इतक्या होत्या, की मी नसल्याचं तिला कळलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. हरवल्याचं दुःख होतंच, पण आपण हरवलो हे कुणाच्या ध्यानातही येऊ नये, ह्याचं दुःख त्याहून मोठं होतं.

बरं, तिथून दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्याच खोलीत आजींचं शिलाई मशीन होतं. आजी म्हणजे मालकिणीच्या सासूबाई. लोकांचे कपडे शिवून देतात. हाताला चिकट कुणी म्हणेल, पण मी म्हणेन काटकसरी. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरून आतलं पुसून घेतील, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवतील, तेव्हाच त्यांना झोप लागायची. शिवाय त्यांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. त्यामुळे घरातली एकही बातमी मला चुकली नाही, आणि जे दिसलं नाही ते मी त्यांच्याच बोलण्यातून जोडून घेतलं.

आणि त्या घरात एक भिंगरी होती. मालकिणीची मुलगी. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिला दुनियेतल्या वस्तू जमवायचा नाद. पिसं, गुळगुळीत गोटे, आईच्या दुकानातल्या मोडक्या काड्या, ओरखडे पडलेली भिंगं. हा सगळा खजिना बुटांच्या एका खोक्यात पलंगाखाली असायचा. घर लहान. सगळ्यांची कपाटं भरलेली. ह्या पोरीला स्वतःचा असा एक खणही नव्हता.

एकदा काय झालं, केर काढताना बाबांचा झाडू त्या खोक्याला लागला आणि ते उलटलं. सगळ्यात मोठं भिंग फुटलं. भिंगरीने रडून घर डोक्यावर घेतलं.

"मला माझा खण पाहिजे! तुझे दोन-दोन आहेत!"

"अगं, पण जागा कुठे आहे? बघतेस ना, सगळे भरलेत," मालकीण म्हणाली.

"कशाने भरलेत?" असं विचारून भिंगरीने आमचा खण ओढला. चष्म्याच्या दुकानातल्या कागदी पिशवीच्या पाठीवर ती एकेक लिपस्टिक घेऊन रेघ मारत सुटली. मला फक्त कागदाची खसखस ऐकू येत होती. मग खसखस थांबली.

"आई, ह्या सगळ्यांचा रंग एकच आहे."

"छे! ही थोडी गडद आहे. आणि ही... ही बघ, ही..." मालकीण अडखळली. मग हळूच म्हणाली, "अगंबाई, खरंच की."

मित्रांनो, ती पुन्हा पुन्हा दुकानात जाऊन विटकरीच आणत होती! म्हणजे तिला मीच आवडत होते. फक्त मी तिच्याकडे आहे, ह्याचा तिला विसर पडला होता.

आजींनी मशीनचं चाक थांबवलं. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुकानात गिऱ्हाइकांना सांगतेस ना, जुन्या काडीचा स्क्रू घट्ट करून देते, इतक्यात नवी फ्रेम नको म्हणून? मग तुझे स्क्रू कोण घट्ट करणार?"

"अहो आई!" मालकीण म्हणाली, पण तिला हसू आवरेना. त्या हसण्यातच तिने भिंगरीला शब्द दिला. खणातलं सगळं वापरून होईपर्यंत नवीन काही आणायचं नाही. जे वाळलंय किंवा ज्याला वास येतोय, ते टाकायचं. बाकी सगळं वापरायचं. आणि खण रिकामा झाला, की तो भिंगरीचा.

काय सांगू, त्या दिवसापासून खणाला जणू पालवी फुटली. वाळलेला मस्करा आणि आंबूस वासाचा एक डबा गेला, पण बाकीच्यांचं नशीब उघडलं. दोन लिपस्टिका एकावर एक लावून मालकीण नवाच रंग करू लागली. एक तर तिने गालांवरही चोळली. चमचमणाऱ्या डबीचा कागद एकदाचा फाटला, तेव्हा ती इतक्या जोरात किंचाळली की मला मागे ऐकू आलं, "उजाडला! खास दिवस उजाडला!" तो एक साधा मंगळवार होता. मालकीण पापण्यांवर चमक लावून दुकानात गेली आणि संध्याकाळी सांगत होती, की एका आजोबांनी फ्रेमचं सोडून तिच्याच डोळ्यांची चौकशी केली.

आणि मी? मी धुळीत बसून एकेकाचा निरोप ऐकत होते. "चला, मी निघाले!" असं म्हणत एकेक बहीण हसत जायची. मला त्यांचा आनंद होत होता आणि हेवाही वाटत होता. खोटं कशाला बोलू?

सुट्टी लागली तशी भिंगरी मावशीकडे राहायला गेली. जाताना तिने आईला बजावलं, "मी येईपर्यंत एकसुद्धा नवीन आणायची नाही हं!" आता इथून पुढे जो घोटाळा झाला, तो एका शब्दाने झाला.

जुन्या बायकांना 'संपलं' म्हणायला आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? चांगली वस्तू घरातून संपली असं कसं म्हणायचं? म्हणून त्या म्हणतात, 'वाढली'. बांगडी फुटली तरी वाढली आणि डब्यातले तांदूळ संपले तरी वाढले. आमच्या आजी तर शिवणाचा दोरासुद्धा कधी 'संपू' देत नाहीत. त्यांचा दोरा नेहमी वाढतो.

एका दुपारी त्यांनी मावशीकडे फोन लावला.

"भिंगरे, ऐक! तुझ्या आईची पावडर वाढली."

पलीकडून बारीक आवाज आला, "वाढली?"

"वाढली म्हणजे काय, डबीसकट! परवा दोन लाल्या वाढल्या. काजळही वाढलं. तुझी आई काही ऐकत नाही हो, रोज काहीतरी वाढतंच आहे!"

आजी कौतुकाने सांगत होत्या. पलीकडून मात्र फोन बंद झाला. "लाइन कटली वाटतं," म्हणून आजी पुन्हा मशीनवर बसल्या. मी मागून ओरडत होते, 'अहो, नीट सांगा तिला!' पण लिपस्टिकचं ओरडणं कोण ऐकतं?

भिंगरी परत आली ती तोंड फुगवूनच. मालकीण दारात हात पसरून उभी होती. ही तिच्या हाताखालून निघून सरळ पलंगाखाली शिरली आणि आपलं खोकं छातीशी धरून बसली.

"काय झालं गं राणी? मावशी ओरडली का?"

"तू खोटारडी आहेस."

मालकीण खाली बसल्याचा आवाज आला. "मी?" तिचा आवाज इतका दुखावलेला होता, की मला अजून आठवतो. "मी काय खोटं बोलले?"

"आजीने सांगितलंय मला. पावडर वाढली. लाल्या वाढल्या. काजळ वाढलं. सगळं वाढलं! तू म्हणाली होतीस, नवीन काही आणणार नाही म्हणून!"

मालकिणीने आजींकडे बघितलं असावं, कारण आजी म्हणाल्या, "हो, मीच सांगितलं. वाढलं ते वाढलंच की." आणि मालकीण अशी हसत सुटली, अशी हसत सुटली, की तिला धड बोलता येईना. तिने भिंगरीला पलंगाखालून ओढून काढलं आणि कपाटापाशी उभं केलं.

"उघड तो खण."

खण उघडला. आत काही नव्हतं. नुसतं लाकूड आणि त्यावर रंगांचे डाग. शेवटची डबी त्याच सकाळी पुसून घेतली होती, भिंगरीला चकित करायचं म्हणून.

"वाढणं म्हणजे संपणं होय?" भिंगरीने विचारलं. "मग आजी सरळ 'संपलं' का नाही म्हणत?"

"असं बोलू नये बाळा," आजी म्हणाल्या.

भिंगरीने आईच्या कमरेला मिठी मारली आणि "सॉरी, सॉरी, सॉरी" म्हणत राहिली. आई तिच्या केसांतून हात फिरवत होती आणि अजून हसतच होती. मग दोघी मोठ्या चहा करायला आत गेल्या, आणि भिंगरीने आपला खण पुसायला घेतला. नीट पुसता यावा म्हणून तिने तो खण पूर्ण बाहेर ओढून जमिनीवर ठेवला.

इतक्या दिवसांनी माझ्यावर उजेड पडला.

भिंगरीने आत डोकावलं. तिला मी दिसले. तिचा चेहरा पडला, मित्रांनो. ज्या क्षणाची मी इतकी वाट बघत होते, त्या क्षणी मला बघून कुणाला तरी रडू येत होतं! तिने मला उचललं, टोपण काढलं, खालची नळी फिरवली. मी अर्धी शिल्लक होते. तिने वळून आतल्या दाराकडे बघितलं. कपबशा वाजत होत्या. कुणी आलं नाही.

खिडकी उघडी होती. मला बाहेर टाकायला एक पळभर पुरे. किंवा खोक्यात पिसांखाली लपवलं असतं, तरी कुणाला पत्ता लागला नसता. कुणाला माहीतच नव्हतं मी आहे म्हणून. तिच्या मुठीत मी गरम होत चालले होते. मी मनात म्हटलं, पोरी, तुझा खण तुला मिळू दे, मी जाते कुठेही.

भिंगरीने एक मोठा श्वास घेतला.

"आई! अजून एक आहे!"

मालकीण धावत आली. तिने मला हातात घेतलं, कापसाने पुसलं, वास घेतला. ठीक होता. वरचा थर तिने अलगद खरवडून काढला. "अगं, ही तर माझी पहिली विटकरी! हिच्यासारखीच हवी म्हणून तर मी बाकीच्या आणत राहिले." मग तिचं लक्ष लेकीच्या चेहऱ्याकडे गेलं. "जाऊ दे गं. ही माझ्या पर्समध्ये राहील. खण आजपासून तुझा."

"नाही," भिंगरी म्हणाली. डोळे भरलेले, पण हनुवटी वर. "सगळं झाल्यावर, असं ठरलंय. तू पाळलंस ना? मग मी पण थांबणार."

मी आयुष्यात पुष्कळ स्तुती ऐकली आहे, पण त्या एका 'थांबणार'ने मला जे बरं वाटलं, ते कशानेच वाटलं नव्हतं.

मग काय विचारता! मी खणात एकटी, एखाद्या राणीसारखी. मालकीण रोज मला लावायची आणि भिंगरी रोज सकाळी माझी उंची तपासायची. "आई, आज जरा जास्त लाव ना." "आई, दुपारी लावलीस की नाही?" शेवटी तिला धीर धरवेना. ती आजींच्या मागे लागली.

"आजी, तू पण लाव. लवकर वाढेल!"

"मी? माझं वय काय आणि ही थेरं काय!"

"एकदाच. माझ्या खणासाठी."

खणासाठी म्हटल्यावर आजींचा नाइलाज झाला. मालकिणीने छोट्या ब्रशने माझा थोडा रंग उचलला आणि त्यांच्या ओठांवर लावला. आजींनी आयुष्यात पहिल्यांदा लिपस्टिक लावली होती. त्या आरशात बघत बसल्या. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग मशीनवर जाऊन बसल्या. एक बाई कोट आखूड करून घ्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आज काय विशेष?"

"विशेष कसलं? खण रिकामा करायचाय," आजी ऐटीत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच ब्रश घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी चहा पिताना रंग कपाला लागू नये, म्हणून त्यांनी ओठ असे काही बाहेर काढले, की बाबांना ठसका लागला. घरभर हशा. मी नळीच्या तळाला पोहोचत होते आणि इतकी मजा मला कधी आली नव्हती.

आणि आज तो दिवस आला. मालकिणीने ब्रशने कडेकडेचा रंग गोळा केला. थोडा स्वतःला लावला, थोडा आजींना. ब्रश आत फिरला तेव्हा नळीचा धातू खरखरला. भिंगरी टाळ्या वाजवत ओरडली, "वाढली! वाढली!" आणि तिने आपलं खोकं खणात रिकामं केलं. गोटे घरंगळले, पिसं उडाली, काड्या खणखणल्या.

ह्या गडबडीत आजी हळूच मालकिणीला म्हणाल्या, "काय गं, आता नवीन आणायला हरकत नाही ना? हाच रंग बघ मिळतो का."

मालकीण हसून हसून जमिनीवरच बसली. भिंगरी मात्र दोन्ही हात पसरून खणापुढे उभी राहिली.

"आणा खुशाल. पण इथे नाही ठेवायची!"

"मग ठेवू कुठे?" आजींनी विचारलं.

भिंगरीने क्षणभर विचार केला. मग आजींच्या शिवणाच्या एप्रनला असलेल्या खिशाकडे बोट दाखवलं. "खिशात ठेव. एकच असली की खिशात मावते."

तर मित्रांनो, अशी माझी गोष्ट. मी आता धुऊन खिडकीत वाळत पडलेली एक रिकामी नळी आहे. उद्या भंगारवाला येईल, मला वितळवतील, पुढे माझं काय होईल कोण जाणे. मला त्याची काळजी नाही, कारण माझ्या अंगचा रंग ज्यांच्यासाठी होता त्यांना शेवटच्या कणापर्यंत मिळाला. एवढंच मागणं आहे. रंगपेटी असो, पेन्सिल असो की ताईची पावडर, नवीन मागण्याआधी एकदा आपला खण उघडून बघा. आणि नुसता उघडू नका, पूर्ण बाहेर ओढा आणि मागेही हात घाला. तिथे कुणीतरी अर्धं शिल्लक असेल. ते सापडलं, की भिंगरीसारखी मोठ्याने हाक मारा.